आमदार पर्वरीत, नागरिक सोप्यावर

30 जुलै 2021, शुक्रवार. सकाळपासून पाऊस धरून होता. आमच्या वाड्यावर मोबाइलची रेंज मिळते ती शेजारच्या भाईंच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, आणि तिथेही फक्त डावीकडच्या खांबापाशी. त्या खांबाला खिळा ठोकून भाईंनी दुधाच्या पिशवीत घातलेला फोन टांगला होता आणि आम्ही चार-पाच जण पर्वरीत भरलेलं गोवा विधानसभेचं अधिवेशन बघत बसलो होतो. चित्र मध्येच गोठायचं, सभापतींचा हात हवेतच राहायचा, मग एकदम तीन वाक्यं पुढे. अधिवेशन तीन दिवसांचं आणि हा शेवटचा दिवस, त्यामुळे विधेयकांची रांग लागली होती. त्या रांगेत एक भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक होतं. 30 वर्षं गोव्यात राहणाऱ्याला 250 चौरस मीटरपर्यंतच्या घराची मालकी मिळवून देणारं.

भाई मुंडकार आहेत, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेले. घर आजोबांनी बांधलेलं, जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची. 1975 च्या मुंडकार कायद्याखालचा त्यांचा दावा कित्येक वर्षं तारखा खातो आहे. त्यामुळे हे विधेयक त्यांच्यासाठीच आहे असं त्यांना वाटलं तर नवल नाही. पण त्यांना एक शंका होती. दावा चालू असलेल्या माणसाने या नव्या कायद्याखाली अर्ज करायचा की नाही? केला तर जुना दावा बुडतो का? ते उठले, ग्रामसभेत उठतात तसे, आणि खांबावरच्या फोनकडे बघून हात वर केला. "सभापती सायबा, म्हाका एक विचारपाचें आसा." आम्ही हसलो. भाईही हसले. तेवढ्यात चित्र पुन्हा गोठलं आणि परत आलं तेव्हा सभागृह पुढच्या विषयावर गेलं होतं.

विधेयक संमत झालं. मग दोन दिवसांत भाईंचाच एक मित्र तावातावाने आला. तो गावडा समाजातला. या मातीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या गावडा, कुणबी, वेळीप, धनगरांचं 'भूमिपुत्र' हे नाव उचलून 30 वर्षांपूर्वी आलेल्या कोणालाही कसं देता, असा त्याचा सवाल. राज्यभर हाच सवाल उठला. मुख्यमंत्र्यांनी तो शब्द काढण्याची घोषणा केली, लोकांकडून सूचना मागवल्या, आणि शेवटी त्या विधेयकाचा कायदा झालाच नाही. सूचना मागवल्या त्या विधेयक संमत झाल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. ज्याला ते विधेयक हवं होतं त्या भाईंची शंका ऐकायला कोणी नव्हतं आणि ज्याला नको होतं त्याचा राग ऐकायलाही कोणी नव्हतं. सभागृहाने दोघांनाही सारखंच वगळलं.

'ऑनलाइन विधानसभा' हा विषय निघाला की मला तो खांब आठवतो. महामारीच्या काळात ही कल्पना बरीच चर्चेत होती, आजही अधूनमधून डोकं वर काढते. आमदारांनी घरून कामकाजात भाग घ्यावा, प्रवास वाचेल, खर्च वाचेल, तरुण पिढीला आपलंसं वाटेल, वगैरे. माझं म्हणणं थोडं उलटं आहे. आमदाराला दूर बसू देऊ नका. दूर बसण्याची सोय हवी ती नागरिकाला.

पहिला भाग आधी, कारण तो सोपा आहे. आपल्या विधानसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने संमत होतात. बाजूने असलेल्यांनी होय म्हणायचं, विरोधकांनी नाही, आणि सभापतींनी कानाला जे पटेल ते जाहीर करायचं. हे पडद्यावर कसं व्हायचं? सगळ्यांचे माइक बंद करण्याचं बटण ज्याच्या हाती, त्याच्या हाती सभागृह. आज विरोधकांना गप्प करायचं तर मार्शल बोलवावे लागतात, ते सगळ्यांना दिसतं, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. सभापतींसमोरच्या हौदात धावलेला आमदार उचलून बाहेर नेताना सरकारची थोडी तरी अब्रू जाते. पडद्यावरचा आमदार एका बोटाने गप्प होतो आणि त्याची बातमी 'तांत्रिक अडचण' अशी येते. गणसंख्येचंही तसंच. 40 जणांच्या सभागृहात कामकाज चालायला किमान 10 जण हवेत. काळ्या चौकटीत नुसतं नाव दिसणारा आमदार त्या 10 मध्ये धरायचा का?

आणि गोव्यात याहून मोठी भीती आहे, ती उघडच बोलू या. जुलै 2019 मध्ये काँग्रेसचे 10 आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर 2022 मध्ये 8 गेले. 2022 च्या निवडणुकीपूर्वी उमेदवारांना देवळात, खुरसाकडे (क्रूसाकडे) आणि दर्ग्यात नेऊन एकनिष्ठतेच्या शपथा घ्यायला लावल्या होत्या, त्यानंतरची ही गोष्ट. ज्या राज्यात आमदार सांभाळणं हा एक धंदाच झाला आहे, तिथे त्याला कुठूनही मत देण्याची मुभा म्हणजे रिसॉर्टच्या खोलीलाच विधानसभा करणं. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर त्याच्या शेजारी कोण बसलंय हे सभापतींना कसं दिसणार? पर्वरीत निदान त्याला जिन्यावर, कँटीनमध्ये, गॅलरीखालून जाताना चार माणसांच्या नजरेला नजर द्यावी लागते.

ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने 22 एप्रिल 2020 पासून संमिश्र पद्धत चालवून बघितली, 50 खासदार सभागृहात आणि 120 पर्यंत पडद्यावर. पुढे घरून मतदानही सुरू केलं, आणि जूनमध्ये ते बंद करून खासदारांना अंतर राखून लांबलचक रांगेत मतदानाला उभं केलं. त्या रांगेची जगभर टिंगल झाली. टिंगल योग्यच होती, आजारी आणि वयस्क खासदारांवर तो अन्यायही होता. तसा अपवाद आपल्याकडेही करावा, बाळंतीण आमदार किंवा इस्पितळातला आमदार बोलू शकला पाहिजे. पण अपवाद म्हणून.

यावर कोणी म्हणेल, 27 जुलै 2020 आठवा. पावसाळी अधिवेशन एका दिवसात उरकलं होतं, त्यापेक्षा ऑनलाइन दहा दिवस बरे नव्हते का? बरे होते, कबूल. पण त्या एका दिवसाचं कारण तंत्रज्ञानाचा अभाव हे नव्हतं. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर पडता कामा नये असं घटनेचं 174 वं कलम सांगतं, पण अधिवेशन किती दिवस चालावं हे सांगत नाही, आणि ही फट कोणत्याही सरकारला सोयीचीच असते. त्याच वर्षी सप्टेंबरात संसदेने खासदारांना दोन्ही सभागृहांत आणि गॅलऱ्यांत विखरून बसवलं. आपले तर अवघे 40. चाळीस माणसं दोन-दोन मीटरवर बसवायला गोव्यात जागा नव्हती असं कोणी म्हणू नये, इथे लग्नाचे हॉल त्याहून मोठे आहेत.

आता नागरिकाकडे येऊ. अमेरिकेत वॉशिंग्टन नावाचं राज्य आहे (राजधानीचं शहर ते वेगळं), त्याची राजधानी ऑलिंपिया. राज्याच्या मधून कॅस्केड पर्वतरांग जाते. पलीकडच्या स्पोकेनहून ऑलिंपियाला यायचं तर 500 किलोमीटर, आणि अधिवेशन भरतं ऐन हिवाळ्यात, घाटात बर्फ असताना. तिथे विधेयक समितीकडे जातं आणि समिती नागरिकांची साक्ष ऐकते. जुनी रीत आहे ती. पण साक्ष द्यायला दोन मिनिटं आणि यायला-जायला दोन दिवस, असा हिशेब होता. 11 जानेवारी 2021 ला सुरू झालेलं त्यांचं 105 दिवसांचं अधिवेशन जवळजवळ सगळं दुरूनच चाललं, आणि पर्वतापलीकडचा शेतकरी, शाळेतली शिक्षिका, रात्रपाळीची परिचारिका घरातून समितीसमोर बोलायला लागली. ज्याला बोलायचं नाही त्याने नुसतं 'बाजूने' किंवा 'विरोधात' नोंदवावं, तेही अभिलेखात जातं. लेखी म्हणणं पाठवायची सोय वेगळी. साथ ओसरली, आमदार सभागृहात परतले, पण साक्षीची ही सोय तिथे राहिली.

ही गोष्ट सांगितली की गोव्यात पहिली प्रतिक्रिया ठरलेली: अहो, आपलं राज्य केवढं? 3,702 चौरस किलोमीटर. काणकोणहून पर्वरी दोन-अडीच तास. याला काय दूर म्हणायचं?

म्हणायचं. काणकोणच्या पलीकडे लोलयेहून निघणाऱ्या बाईने पहाटेची बस धरायची, मडगावात बदलायची, पणजीत बदलायची, मांडवीचा पूल ओलांडून पर्वरीला उतरायचं. आमदाराच्या ओळखीने काढलेला पास दाखवायचा, फोन बाहेर ठेवायचा, गॅलरीत बसायचं. तिथे टाळी वाजवायची नाही, बोलायचं नाही. एक दिवसाची रोजी गेली, आणि तिने काय केलं? ऐकलं. ते तर ती घरीही ऐकू शकत होती. अंतर किलोमीटरचं असतं तर पूल बांधून मिटलं असतं, आणि पुलांची आपल्याकडे काही कमी नाही. पर्वरीत पोचूनही तिला तोंड उघडता येत नाही, तिथून पुढचं अंतर कुठलाच पूल मिटवत नाही.

काहीच नाही असं मात्र नाही. कामकाज थेट दिसतं. तारांकित-अतारांकित प्रश्नांची उत्तरं विधानसभेच्या संकेतस्थळावर येतात, आणि 'एलएक्यू' (विधानसभेतला प्रश्न) हा शब्द आज गावातल्या कार्यकर्त्यांच्याही तोंडी आहे. कुठल्या डोंगराला कुठल्या कागदावर कोणी परवाना दिला हे कित्येकदा अशा उत्तराच्या जोडपत्रातच सापडतं, अर्थात 'माहिती गोळा केली जात आहे' हे एका ओळीचं उत्तर नसेल तर. याचिका समिती आहे. एखादं विधेयक तपासायला आमदारांच्या चिकित्सा समितीकडे पाठवता येतं. म्हणजे भिंत आहे, खिडक्याही आहेत, पण खिडक्या नुसत्या आत बघायच्या. बाहेरून आत बोलायला भोक नाही.

मला सर्वांत खटकणारी विसंगती जमिनीची आहे. नगरनियोजन कायद्यात 2024 मध्ये आलेलं 39अ कलम तुम्हाला आवडो न आवडो (मला आवडत नाही), पण त्या कलमाखाली एका सर्व्हे नंबरचा झोन बदलायचा तर राजपत्रात सूचना काढून 30 दिवस हरकती मागवाव्या लागतात. म्हणजे एका भाताच्या खाचरासाठी नागरिकाला 30 दिवस आहेत. संपूर्ण राज्याला लागू होणारा कायदा करायचा असेल तर त्याला एकही दिवस बांधून दिलेला नाही. विधेयक मांडलं, आमदारांनी रात्री वाचलं असं धरू, आणि अधिवेशनाच्या शेवटच्या दोन दिवसांत संमत. केंद्र सरकारने 2014 मध्ये ठरवलं होतं की विधेयकाचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा. ते धोरण केंद्रापुरतं, आणि केंद्रानेही ते किती पाळलं हा वेगळा विषय. केरळने तर 1980 पासून विषय समित्या नेमल्या आणि विधेयकं त्यांच्याकडे पाठवण्याची पद्धत पाडली. म्हणजे हे सगळं भारतात, आपल्याच घटनेखाली चालू शकतं.

दूरस्थ साक्षीची सोय करायची तर आधी हे दिवस लागतील. दुपारी मांडलेल्या आणि संध्याकाळी संमत झालेल्या विधेयकावर जगातला सर्वोत्तम व्हिडिओ कॉलही काही करू शकत नाही.

आणि भाषा. आपल्याकडे भाषणं कोकणीत होतात, मराठीत होतात, आमदार तापला की तीन भाषांची मिसळ होते. विधेयक मात्र इंग्रजीत. घटनेच्या 348 व्या कलमामुळे कायद्याचा अधिकृत मजकूर इंग्रजीत लागतो हे खरं, पण त्याचा सोपा गोषवारा कोकणीत आणि मराठीत काढायला ते कलम कुठे आडवं येतं? 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीचा शासकीय कामासाठी वापर करता येतो. त्या एका वाक्यावर आपण किती मोर्चे काढले, किती अग्रलेख खरडले! माझ्या घरात 1967 च्या जनमत कौलात आजोबांनी फुलाला, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्याला, मत दिलं आणि त्यांच्या धाकट्या भावाने दोन पानांना, म्हणजे वेगळं राहण्याला, पुढे कित्येक चतुर्थ्या दोघं एका पाटावर जेवले नाहीत. भाषेसाठी एवढं सोसणाऱ्या प्रदेशात, ज्या कायद्याने माझं घर माझं होणार की नाही हे ठरणार, तो कायदा मला माझ्या भाषेत आधी वाचायला मिळावा ही मागणी मराठीवाल्यांनीही कधी जोर लावून केली नाही आणि कोकणीवाल्यांनीही. पाटी कुठल्या भाषेत यावरच आमची ताकद संपली.

आमदारांची हरकत मला ठाऊक आहे, कारण ती खरी आहे. ते म्हणतात, आमच्या मतदारसंघात तीस हजारांच्या आतबाहेर मतदार. रोज सकाळी सात वाजता दारात माणसं उभी असतात. आम्हाला लोक भेटत नाहीत असं कोण म्हणतं? बरोबर आहे. देशात दुसरीकडे आमदार दिसायला पाच वर्षं लागतात, गोव्यात तो मयताला आणि बारशाला दोन्हीकडे येतो. पण त्या सकाळच्या रांगेत उभं राहून बघा. पोराची नोकरी, सुनेची बदली, गटार, वाकलेला विजेचा खांब, इस्पितळातली खाट. मीही उभी राहिले आहे, खोटं कशाला बोलू. त्या रांगेत आजवर कोणी 'कलम चारच्या उपकलमावर माझी हरकत आहे' असं म्हणताना मी ऐकलेलं नाही. तिथे माणूस मागायला आलेला असतो, आणि मागायला आलेला माणूस हरकत घेत नाही. समितीसमोर बोलताना तो आमदाराकडे काही मागत नसतो. शिवाय त्याचं बोलणं लिहिलं जातं. उद्या न्यायालयात कायद्याच्या हेतूवर वाद झाला तर ते पान उघडता येतं.

दुसरी भीती बाहेरच्यांची. दिल्ली-मुंबईत राहून इथे दुसरं घर घेतलेले लोक सफाईदार इंग्रजीत पडद्यावर हजर होतील आणि आमच्या माणसाला मागे रेटतील. ही भीती मला गंभीर वाटते. तिच्यावर उपाय म्हणून मी घरातल्या फोनवर सगळा भार टाकणार नाही. साथीच्या काळात सत्तरी-सांग्यातली पोरं शाळेच्या तासासाठी छत्र्या घेऊन डोंगरमाथ्यावर बसली होती, ते विसरून चालणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी एक दालन, चांगली जोडणी, एक पडदा, एक दुभाषी. नाव नोंदवताना मतदार ओळखपत्राचा क्रमांक. तालुक्याच्या दालनातून बोलणाऱ्यांना आधी वेळ, घरून बोलणाऱ्यांना नंतर. मडगावातला वकील, पेडण्याचा शॅकवाला आणि केप्याची भाजीवाली यांना तीन-तीन मिनिटं सारखीच.

गोंधळ होईल का? होईल. ग्रामसभेत होतो तेवढा तर होईलच. आमच्या ग्रामसभेत खुर्च्या उडाल्याचंही मी पाहिलं आहे. पण जिथे बोलायला जागा नसते तिथलं बोलणं रस्त्यावर येतं. शेळ-मेळावलीत आयआयटीसाठी जमीन द्यायचा निर्णय आधी झाला, गावाचं म्हणणं नंतर कळलं, तेही मोजणीसाठी पोलीस गेल्यावर आणि जंगलवाटेवर बायका उभ्या राहिल्यावर. 15 जानेवारी 2021 ला सरकारने प्रकल्प तिथून हलवत असल्याचं जाहीर केलं. त्याच बायका महिनाभर आधी एखाद्या पडद्यासमोर बसून हेच बोलल्या असत्या तर निदान डोकी फुटली नसती, आणि सरकारलाही पाय मागे घेण्याची वेळ चारचौघांत आली नसती.

हे करायला नवा कायदाही लागत नाही. घटनेच्या 208 व्या कलमाने विधानसभेला आपल्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार आहे. सभापती आणि नियम समिती यांनी मनावर घेतलं तर पुढच्या अधिवेशनात एखादं विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवून ही रीत चालवून बघता येईल. सगळी विधेयकं नकोत, अर्थसंकल्प तर नकोच. एकच घ्या, पण असं घ्या की ज्यावर सोप्यावरचा माणूस बोलेल. मुंडकार कायद्यातली दुरुस्ती घ्या. मसुद्याचा मराठी-कोकणी गोषवारा पंचायतीच्या फलकावर 30 दिवस लावा आणि एका दुपारी वाळपईत पडदा लावा.

भाईंना मी हे सांगितलं तेव्हा ते कुळागरातून सुपारी घेऊन येत होते. टोपली खाली ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, वाळपईत किती वाजता. म्हटलं, अजून कुठे काही ठरलंय, भाई? मी नुसता लेख लिहितेय. ते म्हणाले, दोनच्या आत ठेवायला सांग, परतीची शेवटची बस पाचला सुटते.